लाकडी स्लीपरवरचा माझा खिळा

लग्नकार्यात कुणी विचारलं, की मी रेल्वेत आहे असं सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तिकिटं देता का? मग सांगावं लागतं, नाही हो, रूळ जागच्या जागी राहतील एवढं बघते. हे ऐकलं की बायका आधी माझ्या हातांकडे बघतात. हात चारचौघींसारखेच आहेत, तळव्याला घट्टे तेवढे जास्त. मला मात्र सांगायचं असतं ते वेगळंच. रुळाचा खरा खिळा, लाकडात ठोकायचा तो, मी आजवरच्या नोकरीत एकदाच ठोकला, आणि त्या एका खिळ्याने झाला तेवढा आनंद मला दुसऱ्या कशाने झालेला नाही. लग्नानेसुद्धा नाही. नवरा हे वाचेल, वाचू दे.

आता आमच्या लाइनीवर रुळांखाली सगळीकडे सिमेंटचे आडवे स्लीपर आहेत. त्यात रूळ धरून ठेवायला जाड सळई वळवून केलेली क्लिप असते, तिला आमच्या गँगमध्ये, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीत, चावी म्हणतात. हातोडीने सरकवली की बसते आणि सैल झाली की पुन्हा ठोकून बसवता येते. स्लीपर लाकडाचे होते तेव्हा काम खिळ्यांचं होतं. डॉग स्पाइक म्हणतात त्या खिळ्याला. चौकोनी अंगाचा, डोक्याला दोन बाजूंना दोन कान फुटलेले आणि नाक पुढे आलेलं, म्हणून कुत्र्याचं नाव. त्या नाकाखाली रुळाची कड दाबायची, आणि उद्या खिळा काढायचा झाला तर दुभंगलेल्या टोकाच्या पहारीने कान धरून उपटायचा. मला तो बघताक्षणी आवडला होता. कुठल्याही बाजूने बघा, तो रागावलेलाच दिसतो, आणि रागावलेल्या चेहऱ्याच्या वस्तूंशी माझं लवकर जमतं.

माझं सासर राहात्याजवळ. पेरूची बाग, दोन म्हशी, आणि पेरू बाजारात न्यायला नवऱ्याचा एक टेम्पो. लग्नानंतर मी रेल्वेची परीक्षा दिली ती जवळजवळ चिडून दिली. नात्यातल्या एकाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की त्या परीक्षेत वजन उचलून पळावं लागतं, ते काही पेरू वेचायचं काम नाही. मी वजन उचललं आणि पळाले. आमच्याकडे पेरूचे क्रेट उचलून पळायची सवय सगळ्यांनाच असते, त्यामुळे फार काही वेगळं वाटलं नाही. नेमणूक मिळाली ती आमच्याच जिल्ह्यात, नगरकडे जाणाऱ्या लाइनीवरच्या एका गँगमध्ये. घरापासून स्कूटीवर जाता येईल एवढ्या अंतरावर.

त्या गँगमध्ये बाई म्हणून मी पहिलीच. मला वाटलं होतं, त्रास देतील, टोमणे मारतील, मग मीही ऐकवेन. तशी तयारीच करून गेले होते. पण माणसं निघाली भलतीच सज्जन. सकाळी हत्यारं उचलायला गेले की माझ्या वाटणीची पहार आधीच कुणाच्या तरी खांद्यावर गेलेली असायची. खडी ओढायला वाकले की कुणीतरी फावडं हातातून काढून घ्यायचं आणि म्हणायचं, ताई, तुमी जरा झेंडी धरा. कळस म्हणजे कामाच्या जागेवर हत्यारांबरोबर एक प्लास्टिकची खुर्ची यायला लागली. रणरणत्या उन्हात गँग रूळ सरकवते आहे आणि मी शेजारी लग्नातल्या विहिणीसारखी खुर्चीत बसले आहे, असं दृश्य. एकदा गाडी जाताना खिडकीतल्या एका मुलाने मला सलाम ठोकला. त्याला वाटलं असेल, मोठी साहेबीण आहे. मला इतका संताप आला की ती खुर्ची मी स्वतः चौकीवर नेऊन टाकली.

चौकी म्हणजे आमची हत्यारांची खोली. तिच्या मागे आंब्याच्या झाडाखाली एक जुना लाकडी स्लीपर आडवा पडलेला आहे, कधीकाळी ओढ्यावरच्या पुलातून निघालेला. साल नावाच्या झाडाच्या लाकडाचा, इतका कडक की त्यावर कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडच परत येते. त्या स्लीपरात खिळे ठोकलेले आहेत, एकामागे एक, आणि प्रत्येक खिळा कुणाचा ना कुणाचा आहे. आमच्या गँगची रीतच तशी आहे. नवा माणूस आला की त्याने त्याच्या पहिल्या खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली की, त्या स्लीपरात एक खिळा ठोकायचा. खिळा सरळ आणि घट्ट बसला तर तो गँगचा. तोवर तो पाहुणा. दुपारी भाकरी खायला सगळे त्या स्लीपरवर बसतात, ज्याने त्याने आपापल्या खिळ्याशेजारी. मी नेमणुकीला आले ती दसरा होऊन गेल्यावर. त्यामुळे जवळजवळ वर्षभर मी पाहुणी होते आणि दगडावर बसून जेवत होते.

तेवढं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण त्या पावसाळ्यात कळलं, की चाचा निवृत्त होणार. चाचा म्हणजे आमचे चावीवाले. रोज सकाळी खांद्यावर हातोडा, कमरेला पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी आणि धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे फटाके घेऊन ते एकटेच निघायचे. आपल्या हद्दीतला एकेक रूळ बघत, सैल चावी ठोकत पार पुढच्या गँगच्या हद्दीपर्यंत जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. बाकी सगळी गँग एकत्र राबते, चावीवाला एकटा. त्याच्या हातातून कुणी फावडं काढून घेणारं नाही, खुर्ची देणारं नाही. एकदा चाचांबरोबर मी अर्ध्या वाटेपर्यंत गेले होते. उसावर दव, पाटाला पाणी, आणि हातोडा लागला की घट्ट चावीचा एक आवाज आणि सैल चावीचा दुसरा. चाचा न बघता सांगायचे, ही बरी आहे, ही रुसली आहे. परत येताना माझं ठरून गेलं होतं. मला चाचांची जागा हवी होती, आणि कुठलीही गोष्ट इतकी मनापासून हवीशी वाटण्याची माझी ती पहिलीच वेळ.

चाचांच्या जागी कुणाचं नाव ते लाइनीचे मोठे साहेब ठरवणार, पण साहेब विचारणार मुकादमालाच. मुकादम म्हणजे गँगचा म्होरक्या. आमचे मुकादम मनाने लोणी, पण ते लपवण्यासाठी सतत कपाळाला आठ्या घालून असतात. मी सरळ जाऊन विचारलं. त्यांनी आधी सांगितलं, की वाटेत दोन्हीकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो. मी म्हटलं, बिबट्या काय बाई आणि पुरुष बघून धरतो का? मग ते म्हणाले, एकटीला पाठवायचं म्हणजे उद्या काही झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. मी तिथेच उभी राहिले. मी उभी राहिले की समोरचा माणूस फार वेळ टिकत नाही, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे.

शेवटी मुकादम म्हणाले, "खंडेनवमी हुऊ द्या, ताई. खिळा नीट बसला तर चाचाच्या जागी तुमचंच नाव सांगतो. न्हाई बसला तर पुन्यांदा हा विषय काढायचा न्हाई."

मी हो म्हणून आले खरी. पण सालच्या लाकडात खिळा ठोकणं मी नुसतं ऐकलं होतं. आता कुणी ठोकतच नाही, तर शिकवणार कोण? चाचांना विचारलं. त्यांनी एवढंच सांगितलं, "घनाकडं बघू नको बेटा, खिळ्याकडं बघ. घन त्याचा तो येतो."

घरी सराव सुरू केला. रेल्वेचा खिळा घरी आणणं शक्य नव्हतं, म्हणून नवऱ्याने बागेच्या कडेला बाभळीचा एक ओंडका रोवून दिला, गावातल्या लोहाराकडचा घण आणला, आणि मी म्हैस बांधायची लोखंडी मेख घेऊन रोज संध्याकाळी ठोकायला लागले. सासूबाई ओट्यावर बसून शेंगा निवडत बघायच्या. त्यांचं म्हणणं, सून सरकारी नोकरीला लागली म्हणजे संध्याकाळी टीव्ही बघेल असं वाटलं होतं, ही तर लोहारीण झाली. पहिले काही दिवस घण मेखेवर कमी आणि ओंडक्यावर जास्त पडला. एकदा तर दांडा हातातून सुटून घण थेट पेरूच्या क्रेटमध्ये गेला आणि त्या दिवशीच्या मालाचा मुरंबा झाला. नवरा दुसऱ्या दिवसापासून टेम्पो लांब लावायला लागला. मग हळूहळू जमू लागलं. घण उचलताना एक हात दांड्यावरून सरकवायचा, खाली येताना दोन्ही हात एकत्र आणायचे, आणि शेवटच्या क्षणी जोर लावायचाच नाही, घणाला त्याच्या वजनाने पडू द्यायचं. एका संध्याकाळी मेख अशी बसली की नवऱ्याला निघेना, गड्याला निघेना. ती ओंडक्यातच राहिली. सासूबाईंना बाजारातून नवी मेख आणावी लागली, आणि त्या दुकानदाराला कौतुकाने सांगत होत्या, आमच्या सुनेने जुनी गाडून टाकली.

खंडेनवमीला सकाळी चौकीवर गेले तर अंगण सारवलेलं होतं. सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून ओळीने मांडली होती. पहारी, घण, फावडी, पाने, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. हत्यारं घासून चकचकीत करण्याचं काम दरवर्षी चाचांकडे, आणि कुणाच्या हत्यारावर गंजाचा ठिपका राहिला तर वर्षभर ऐकवण्याचा मानही त्यांचाच. गँगमधल्यांच्या बायका-मुलं आली होती. माझा नवराही टेम्पो घेऊन आला होता, मागे सासूबाई आणि पेरूचे दोन क्रेट. नारळ फुटला, आरती झाली, खोबरं वाटलं, आणि सगळे आंब्याखाली जमले.

स्लीपरावर हळदीची रेघ ओढलेली होती. खिळ्यासाठी लाकडाला आधी गिरमिटाने भोक पाडावं लागतं, खिळ्याच्या अंगापेक्षा बारीक, म्हणजे खिळा आत जाताना लाकूड त्याला आवळून धरतं. ते भोक रीतीप्रमाणे आदल्या दिवशी पाडून ठेवलेलं होतं. मुकादमांनी खिळा भोकात उभा केला आणि ते बाजूला झाले. मी पदर खोचला, घण उचलला. खिळ्याकडे बघितलं. घण त्याचा तो आला.

खिळा एका घावात डोक्यापर्यंत आत गेला.

मग टाळ्या सुरू झाल्या. पोरं ओरडायला लागली, सासूबाईंनी इकडेतिकडे बघून आपली सून आहे हे सगळ्यांना कळलं आहे ना याची खात्री करून घेतली. मला स्वतःला मात्र ते बरोबर वाटेना. बाभळीत मेख जाताना हातांना जो हिसका बसायचा तो बसलाच नव्हता. मुकादम वाकले, त्यांनी खिळा दोन बोटांत धरला, आणि ओल्या वाफ्यातून मुळा उपटावा तसा तो बाहेर आला.

टाळ्या थांबल्या. मुकादमांनी भोकात करंगळी घातली, ती सहज फिरली. ते चाचांकडे बघायला लागले. चाचा आंब्याकडे बघायला लागले. मग चाचांनी खाकरून कबूल केलं, की सकाळी लवकर येऊन त्यांनी भोकात गिरमिट परत फिरवलं होतं, जरासंच, पोरीची फजिती नको म्हणून. त्यावर गँगमधला खर्डा गावाकडचा पैलवान दचकला. त्याने आदल्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मोठ्या मापाचं गिरमिट लावून तेच केलं होतं. आता उरले मुकादम. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी खिळा उलटासुलटा करून बघितला आणि मग हळू आवाजात सांगितलं, की भोक त्यांनी मुळातच मोठं पाडलं होतं, आणि वर तेल ओतलं होतं.

आधी पैलवानाची बायको हसली. मग सगळं अंगण हसायला लागलं. माझा नवरा टेम्पोच्या फाळक्याला धरून हसत होता. तिघांनी तीन वेळा गुपचूप माझ्यावर उपकार केले होते आणि एकमेकांना पत्ता नव्हता. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ते प्रेमाचं होतं की रागाचं, तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता सांगते, दोन्हीचं होतं.

"तुमी समद्यांनी मिळून मला पाहुनीच ठेवली," मी म्हणाले. "आता भोक मी पाडनार. कुनी हात लावायचा न्हाई, अन् कुनी शिकवायचं बी न्हाई."

सगळे मागे सरले. मी हळदीची रेघ पुसून टाकली. गिरमिट घेऊन मोकळ्या जागेवर टेकवलं, आणि एकदम हात थांबला. ती जागा शेजारच्या खिळ्याच्या थेट रेषेत होती. वर्षभर दगडावर बसून मी तो स्लीपर बघत आले होते. त्यात शेजारशेजारचे खिळे कधी एका रेषेत नव्हते, एक अलीकडे तर दुसरा पलीकडे. लाकडाच्या एकाच रेषेवर दोन खिळे बसले की ते चिरतं. मी गिरमिट चार बोटं बाजूला नेलं. मागे कुणीतरी मोठा श्वास सोडला, बहुतेक चाचांनी.

भोक पाडतानाच खांदे भरून आले. साल लाकूड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. गिरमिट फिरतं आणि वर येतो तो नुसता लाल भुगा, चिमटीएवढा. मग खिळा उभा केला. पहिला घाव साफ चुकला, स्लीपरावर पडला, आणि दांड्याच्या झिणझिण्या थेट दाढेपर्यंत गेल्या. कुणी शिकवायला पुढे आलं नाही. तेवढं त्यांनी पाळलं. दुसरा घाव बसला आणि खिळा तिथल्या तिथे. तिसऱ्याला तसूभर हलला. मग लय सापडली. घाव, श्वास, घाव. प्रत्येक घावाला खिळ्याचा आवाज बदलत गेला, आधी टणटणीत, मग जाड, मग नुसता ठक्क. खिळा त्याच्या कानांपर्यंत आत गेला तेव्हा माझ्या केसांतून घाम टपकत होता आणि कुंकू नाकावर आलं होतं.

मुकादम पुढे झाले. त्यांनी खिळा हाताने हलवून पाहिला. मग हातोडा घेऊन एका बाजूने मारला, दुसऱ्या बाजूने मारला, कान खाली नेऊन ऐकलं. पैलवानाला बोलावलं. पैलवानाने दोन्ही हातांनी धरून असा जोर केला की त्याच्या मानेच्या शिरा दिसल्या. खिळा तसाच, रागावलेल्या चेहऱ्याने, वर बघत. मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या चक्क गेल्या. तेवढ्यापुरत्याच, पण गेल्या.

"बसला," ते म्हणाले. "आता साहेबाला काय सांगायचं ते मला ठाव हाय."

मी तिथेच स्लीपरावर बसकण मारली. सासूबाई पेरू वाटत सुटल्या. चाचांनी एक पेरू माझ्या हातात ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही, पण पोचलं.

दसरा झाल्यावर मी चाचांबरोबर रोज वाटेला जायला लागले, सगळी वाट, पार शेवटपर्यंत. कुठे वळणावर चावी वारंवार सैल होते, कुठे रुळावर शेळ्या येतात, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर येतं आणि त्याला काय द्यायचं, हे सगळं त्यांनी दाखवलं. मग ते निवृत्त झाले. साहेबांचा कागद आला, आणि एका थंडीच्या सकाळी मी हातोडा खांद्यावर टाकून एकटी निघाले.

भीती वाटली का? वाटली. पहिल्या उसाजवळ पाचट सळसळलं तेव्हा मी चांगली मोठ्याने खोकले, बिबट्याला कळावं म्हणून. पण पुढे पुढे पाय मोकळे झाले. ऊन आलं. वळणावर एक चावी रुसलेली सापडली. ठोकली, तशी ती गायला लागली. मी एकटीच हसले. थोड्या वेळाने गाडी आली, मी बाजूला उभी राहून हिरवी झेंडी दाखवली, आणि गाडी त्या चावीवरून धडधडत निघून गेली. आत माणसं चहा पीत होती, झोपली होती, मोबाईल बघत होती.

हद्दीच्या शेवटी पुढच्या गँगचा चावीवाला येतो. दोघांनी भेटायचं, आपापल्या बाजूची खबर सांगायची आणि परत फिरायचं, असा नेम आहे. तो लांबून येताना दिसला. वयाने मोठा, मफलर बांधलेला, आमच्याकडच्या बदलाची त्याला खबर नसावी. जवळ आला आणि माझ्या मागे लाइनीवर बघायला लागला.

"आज चावीवाला आला न्हाई का?" त्याने विचारलं.

"आलाय की," मी म्हणाले. "मीच हाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हातोड्याकडे पाहिलं, बुटांवरच्या धुळीकडे पाहिलं. मग मफलर सैल केला आणि एका चावीवाल्याने दुसऱ्याला सांगावं तसं सांगितलं, की त्याच्या बाजूला सगळं ठीक आहे. "तुमच्याकडं?"

मी हातोडा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"माझ्याकडं बी," मी म्हणाले, "समदं घट्ट हाय."